दुःखाचा अनुशेष

कोसंबटोला, तालुका आरमोरी, येथील कुमारी आचल घनश्याम दिघोरे हिच्या आयुष्यात सांगण्याजोगं दुःख नाही, असं मे महिन्याच्या सुरुवातीला निष्पन्न झालं. बाब गंभीर होती, कारण मुलाखत त्याच महिन्यात होती.

मुलाखत एका मोठ्या विद्यापीठाची होती. त्याचं नाव इंग्रजी आहे, त्याला स्वतःची टेकडी आहे, आणि तिथे विद्यार्थ्यांना विद्यार्थी न म्हणता 'सहप्रवासी' म्हणतात. आचलला तिथे गणित शिकायचं होतं. लेखी परीक्षेत तिने गणिताचा पेपर असा सोडवला, की विद्यापीठाने फोन करून 'गडचिरोली म्हणजे तोच जिल्हा ना?' अशी खात्री करून घेतली. खात्री पटताच पत्र आलं. 'आम्ही केवळ गुण पाहत नाही. आम्ही संपूर्ण माणूस पाहतो.' संपूर्ण माणूस पाहण्यासाठी पंचवीस मिनिटं राखून ठेवली होती, आणि तीही ऑनलाइन. निवड झाली तर चार वर्षांचं शिक्षण, राहणं, जेवण सगळं विद्यापीठाकडे. न झाली तर टेकडी जिथल्या तिथे आणि आचलही जिथल्या तिथे.

आचलचा बाप घनश्याम मच्छीमार सोसायटीचा सभासद. तलावात जाळं टाकताना तो कोणाचा सल्ला घेत नाही. पण जे पाणी आपण पाहिलं नाही तिथे माहितगार माणूस सोबत असावा, हे त्याला कळतं. म्हणून तो पोरीला घेऊन गडचिरोलीला 'उत्तुंग व्यक्तिमत्त्व अकादमी'त गेला. अकादमीचे संचालक राजदीप सर मूळचे कोरपन्याकडचे. स्वतः अनेक मुलाखतींत नापास झाल्यामुळे त्यांचा या विषयातला अनुभव दांडगा होता.

सरांनी आचलला समोर बसवलं आणि डॉक्टर पोट दाबून पाहतो तसे प्रश्न विचारायला सुरुवात केली.

"घर कसं आहे?"

"पक्कं आहे जी."

"गळतं?"

"नाई जी. मागच्या साली आईनं टाइल्स पण लावल्या."

सरांनी डोळे मिटले. "वीज?"

"जाते. पण येते."

"शाळेत किती किलोमीटर पायी जायचीस?"

"एसटी येते जी. सायकल पण भेटली होती."

"वडील पितात?"

घनश्याम खुर्चीत ताठ झाला. "सर, मी माळकरी माणूस. तंबाखू बी नाई खात."

"मारतात?"

"कोणाले जी?"

"कोणालाही."

"नाई जी," घनश्याम आवाज खाली घेत म्हणाला. त्याला प्रथमच वाटलं, आपलं काहीतरी राहून गेलं.

"वाघ?" सरांनी शेवटची आशा म्हणून विचारलं.

"वाघ आहे ना जी," आचल उत्साहाने म्हणाली. "पण त्याचा न माझा काई संबंध नाई आला."

सरांनी समोरची वही मिटली. मग घनश्यामकडे वळले. "भाऊ, राग मानू नका. पण तुम्ही मुलीचं फार नुकसान केलं आहे."

"माह्या ध्यानातच नाई आलं जी," घनश्याम म्हणाला.

"तिकडे घनदाट जंगलात, एटापल्लीकडचे असते तर काम सोपं होतं. नुसतं गावाचं नाव घेतलं की समोरचा पाणी मागतो. तुम्ही पडले आरमोरीचे. ना धड जंगल, ना धड शहर. धानाचा बाजार! धानाचा बाजार ऐकून आजवर कोणाच्या डोळ्यांत पाणी आलं आहे का? आपल्या विदर्भाला रस्त्यांचा अनुशेष आहे, सिंचनाचा अनुशेष आहे. या पोरीला दुःखाचा अनुशेष आहे. तो भरून काढावा लागेल."

मग त्यांनी बाजारभाव सांगितला. दोन वर्षांपूर्वी पूर चालत होता. गेल्या साली आजीने रानभाज्या विकून शिकवलं, हे जोरात होतं. पण इतक्या आज्या झाल्या, की विद्यापीठांना संशय आला. यंदा वाघ. "आणि शेवटी परतफेड. शिकून काय करशील? तर गावात परत येईन आणि गावाचा उद्धार करीन. बरं, गणितच का शिकायचं?"

"मले आवडते जी. मूळ संख्या असतात ना, त्याच्यात एक..."

"थांब. हे 'आवडते' पुन्हा तोंडातून काढायचं नाही. पुण्या-मुंबईच्या पोरांना गणित आवडू शकतं. तुला गरज पाहिजे. गणित शिकून तू वाघ मोजशील."

"वाघ तं वनखातं मोजते ना जी."

"बरोबर मोजत नाही. म्हणून तर तुझ्या मामाला खाल्लं."

"कोणत्या मामाले?"

"ते तुम्ही गावात ठरवा," सर म्हणाले, आणि पुढच्या उमेदवाराला आत बोलावलं.

परतीच्या एसटीत घनश्याम बोटं मोजत होता. पोरीला अभ्यासाला वेगळी खोली दिली, डोळ्यांना त्रास नको म्हणून चांगला दिवा लावला, नववीत ताप आला तर तलावावर गेला नाही. एकेक चूक त्याला आठवत होती.

गावात बातमी पसरली तेव्हा लोक हळहळले, पण घाबरले नाहीत. झाडीत, म्हणजे आमच्या या झाडीपट्टीत, कोणीही नाटकाला घाबरत नाही. धान निघालं की इकडच्या गावोगावी नाटकं लागतात, वडसा गावातल्या कंपन्या येतात, आणि मंडपातल्या बाया पदराने डोळे पुसतात. नट आज इथे तर उद्या तिथे. त्यांना संवाद पाठ करायला सवड कुठली? विंगेत प्रॉम्प्टर बसतो. तो एक वाक्य पुढे बोलतो, नट ते मागाहून बोलतो. या कामात चाळीस वर्षं घालवलेले वामनराव कोसंबटोल्याचेच.

वामनरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि निकाल दिला. "हे मुलाखत नोहे. हे तीन अंकी आहे, एका अंकात कोंबलेलं. समोर पब्लिक कोण?"

"तीन प्रोफेसर," घनश्याम म्हणाला.

"रडवाचं आहे का हसवाचं?"

"रडवाचं."

"मंग कायले भेता? आपुन हजार-हजार पब्लिक रडवलं. तीन प्रोफेसर म्हंजे काय!"

कामं वाटली गेली. वामनराव प्रॉम्प्टर. नेपथ्य म्हणून दिघोऱ्यांचा गुरांचा गोठा ठरला, कारण घरात जिकडे कॅमेरा फिरवावा तिकडे टाइल्स येत होत्या. यावर आचलची आई कुंता भडकली. "पोरीले एवढे मोठे लोक पाहाले येऊन राह्यले, न तिले गोठ्यात बसवता? टाइल्स मी कायले लावल्या? पाहुण्यायले दाखवाले का गाईले दाखवाले?"

"वहिनी, टाइल्स दिसल्या तं शिष्यवृत्ती गेली," कोणीतरी समजावलं.

"टाइल्स पाहून पोरीले नापास करणारं कसलं विद्यापीठ रे हे?" कुंताने विचारलं. प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा असल्याने तो ऑप्शनला टाकण्यात आला.

गोठ्यात कंदील हवा होता. अख्ख्या कोसंबटोल्यात कंदील निघाला नाही. घनश्यामच्या दाराला अडण म्हणून ठेवलेला एक सौरदिवा तेवढा मिळाला. दिवाळीच्या सुट्टीत नागपूरचा स्वप्निल नावाचा एक मुलगा आईवडील आणि कॅमेरावाला घेऊन आला होता आणि घरोघरी असे दिवे वाटून गेला होता. 'अंधार कुठे आहे?' असं त्याने गावभर विचारलं होतं; शेवटी सरपंचबाईंनी माणुसकी म्हणून घटकाभर मेन स्विच बंद केला, तेव्हा कुठे त्याचं समाधान झालं. पण सौरदिव्यात दुःख दिसत नाही, योजना दिसते. अखेर कंदील वडशाच्या नाटक कंपनीच्या पेटीत सापडला. फाटकं लुगडंही तिथेच मिळालं. त्याला जरीचा काठ होता, कारण ते राणीच्या वनवासासाठी शिवलेलं होतं.

राहता राहिला मामा. आचलला मामा एकच, झिंगू. तो वडशाला राईस मिलमध्ये कामाला. त्याला फोनवर विचारलं तेव्हा त्याने आधी मुलाखतीचं महत्त्व समजून घेतलं. मग म्हणाला, "भाचीसाठी मरतो मी. पण वाघानंच खाल्लं म्हणजा. दारू पिऊन मेला नका म्हणू. इज्जतीचा सवाल आहे."

आचलने तालमीला विरोध केला नाही असं नाही. ती म्हणाली, "वामनआजा, जित्या मामाले मेला म्हणणं बरं दिसत नाई. न मले तं ते मूळ संख्यांचं सांगाचं होतं, त्याच्यात एक..."

"बेटा, नाटकात नटानं आपल्या मनचं बोलू नाई," वामनराव मायेने म्हणाले. "चाळीस सालांत एकच नट मनचं बोलताना पाह्यला म्या. पुढच्या साली त्याले कोणी बोलावलं नाई."

मुलाखतीच्या दिवशी सकाळी नवंच संकट उभं राहिलं. गावात टॉवर झाल्यापासून नेट उत्तम चालत होतं. ग्रामपंचायतीच्या लॅपटॉपवर चित्र इतकं स्वच्छ येत होतं, की कंदिलावरचा नाटक कंपनीचा शिक्का वाचता येत होता. राजदीप सरांचा फोन आला, "एवढी रेंज कशाला? मुलगी अधूनमधून अडकली पाहिजे." घनश्यामने पंचायतीच्या ऑपरेटरला विचारलं, नेट कमी करता येतं का. ऑपरेटर म्हणाला, "चांगलं चालते म्हणून तक्रार टाका. आपोआप कमी होईन."

पण तक्रारीला वेळ नव्हता. भर सकाळी कंदील पेटवण्यात आला. गाय बाहेर काढली होती. ती दारात उभी राहून आपल्या जागेवर कोण बसलंय ते पाहत होती. गवताच्या गंजीमागे वामनराव संहिता घेऊन बसले. गोठ्याबाहेर गाव जमलं. आणि आपला मृत्यू बघायला मिलमधून रजा काढून झिंगू स्वतः आला होता. त्याला कोणी येऊ नको म्हणू शकलं नाही. हक्क त्याचाच होता.

पडद्यावर तिघे उगवले. अध्यक्षबाई, एक दाढीवाले सर आणि समावेशन कक्षाचा एक तरुण अधिकारी. आपापल्या मातृभाषेत बोलण्याची मुभा होती, याचा त्यांना फार अभिमान होता. अध्यक्षबाई मूळच्या मराठी असल्याने दुभाष्याचा खर्चही वाचला होता.

"आचल, तू अगदी मोकळेपणाने बोल हं. सकाळी कंदील का लावलायस?"

"अंधार आहे जी," गंजीमागून वामनराव कुजबुजले.

"अंधार आहे जी," आचल म्हणाली.

"बाहेर ऊन दिसतंय."

"आयुष्यात," गंजी म्हणाली.

"आयुष्यात," आचल म्हणाली.

तिघांनीही लिहून घेतलं. दाढीवाले सर पुढे सरकले. "तुमच्याकडे वाघ आहेत ना?"

इथून पहिला अंक उत्तम रंगला. आचल बोलत होती, वामनराव एक वाक्य पुढे होते. मामा मोहफुलं वेचायला गेला. मामाने भाचीसाठी पाटी आणायचं वचन दिलं होतं. रान शांत झालं. पाखरं उडाली. दाढीवाल्या सरांनी चष्मा काढला. आणि वाघाने झेप घेतली त्या क्षणी, गोठ्याच्या दारातून एक हंबरडा फुटला.

तो झिंगूचा होता. माणूस चांगला होता हो, आणि असा तरणाताठा गेला! त्याला स्वतःला ते सोसवेना. त्याचं रडणं ऐकून बाया रडू लागल्या. पुरुषांनी नाकं शिंकरली. आणि चांगला प्रवेश झाला की झाडीत जे होतं तेच झालं, मागून कोणीतरी शिट्टी मारली आणि ओरडलं, "वन्स मोर!"

"हे काय चाललंय?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"गाव आहे जी," आचल म्हणाली. हे वाक्य तिचं स्वतःचं होतं.

आम्हाला वाटलं होतं इथे सगळं कोसळणार. आम्ही विद्यापीठाला कमी लेखलं होतं. समावेशन अधिकाऱ्याचा चेहरा उजळला. "मॅडम, हा सामूहिक शोक आहे! समाज स्वतःची स्मृती पुन्हा सादर करण्याची मागणी करतोय. आणि मागून तो जुना आवाज ऐकलात? एक ज्येष्ठ बोलतो, नवी पिढी उच्चारते. ही मौखिक परंपरा आहे!"

"अद्भुत," दाढीवाले सर डोळे पुसत म्हणाले. "अशी उमेदवार आपल्याला मिळाली नव्हती. आता शेवटचा प्रश्न, आचल. मामाच्या आठवणीसाठी तू गणिताचं काय करशील?"

वामनराव कुजबुजले, "वाघ मोजीन जी."

आचल गप्प.

नट गप्प झाला की तो विसरला, आणि तो विसरला की प्रॉम्प्टरने आवाज चढवायचा, हा धंद्याचा नियम. वामनराव चढले. "वाघ मोजीन जी!" आचल गप्पच. वामनराव उभे राहिले, गंजीतून डोकं वर आलं, आणि विंगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत पोचणाऱ्या आवाजात ते गरजले, "वाघ मोजीन जी! न गावाचा उद्धार करीन!"

आचलने कंदील फुंकला. गोठ्यात काही अंधार झाला नाही. उलट लख्ख दिसू लागलं.

"सर, मामा मेला नाई. तो तिथी उभा आहे. रडून राह्यला तोच." झिंगूने गोंधळून कॅमेऱ्याला नमस्कार केला. "आमचं घर पक्कं आहे. माह्या बापानं मले कधी रागानं हात नाई लावला. मले दुःख नाई जी, म्हणून हे सारं गाव माह्यासाठी दुःख गोळा करून राह्यलं होतं. मले गणित आवडते. तुमी मले गणितातलं काई विचारा ना."

पडद्यावर पहिल्यांदाच, नेट अडकल्यासारखे तिघेही स्थिर झाले.

"आचल," अध्यक्षबाई जपून म्हणाल्या, "गणिताचा पेपर झालाय ना बाळ. त्यात तुला उत्तम गुण आहेत. आज आम्ही तुला पाहतोय."

"मंग पाहा ना जी. मी हेच आहो. मूळ संख्या असतात ना, त्याच्यात एक..."

"पण वाघ?" दाढीवाले सर म्हणाले. त्यांच्या आवाजात फसवणूक झाल्याचं खरंखुरं दुःख होतं.

"वाघ आहे जी. मामाही आहे."

"वेळ संपली," समावेशन अधिकारी म्हणाला. त्याने लिहिलेलं तो खोडत होता.

निकाल महिन्याभरात लागला. विद्यापीठाने आचलच्या प्रामाणिकपणाचं मनापासून कौतुक केलं होतं. 'तथापि, आपलं आपल्या जीवनप्रवासाशी असलेलं नातं अद्याप पुरेसं खोल झालेलं आढळत नाही. पुढील वाटचालीस शुभेच्छा.' गणिताची जागा नागपूरच्या स्वप्निलला मिळाली. त्याने मुलाखतीत फार काही सांगितलं नाही. एवढंच, की गडचिरोलीच्या रानात एक गाव आहे, तिथे वीज नाही, तिथल्या एका माणसाला वाघाने खाल्लं, आणि त्या अंधारात त्याने स्वतःच्या हाताने दिवा लावला. तोही राजदीप सरांचाच उमेदवार; वाघाची गोष्ट त्याला सरांनीच दिली होती. चांगली गोष्ट वाया जाऊ नये, असं सरांचं तत्त्व आहे.

घनश्याम काही दिवस तलावावरून उशिरा येत असे. एकदा त्याने आचलला विचारलं, "माह्यामुळं झालं का वं हे?" ती म्हणाली, "काई बी नका बोलू बाबा." सध्या ती रोज एसटीने आरमोरीच्या कॉलेजात जाते. तिथे गणिताच्या प्राध्यापकाची जागा भरायची आहे. जाहिरात निघाली आहे, सर अजून निघालेले नाहीत. ती ग्रंथालयात बसून स्वतःच वाचते.

गाव मात्र सुधारलं. म्हणजे बिघडलं, आता तेच सुधारणं आहे. राजदीप सरांनी दिघोऱ्यांचा गोठा भाड्याने धरून 'संघर्ष सहवास शिबिर' सुरू केलं. शहरातली मुलं येतात, कंदिलाच्या उजेडात दोन दिवस काढतात आणि प्रवास खोल करून घेतात. मेन स्विच सरपंचबाईंच्या ताब्यात असतो. वामनरावांना पुन्हा काम लागलं. झिंगू राईस मिल सोडून आला. तो दर रविवारी मरतो, आणि सुट्ट्यांच्या हंगामात दोनदा. गाय मात्र कायमची बाहेर झाली. कुंताने तिला पडवीत बांधली आहे, टाइल्सवर.

पुढच्या शिबिरासाठी नावं येत आहेत. त्यांत तुमच्या ओळखीचीही काही घरं आहेत, आम्ही नावं सांगत नाही. तुम्ही हसाल, विद्यापीठाला नावं ठेवाल, 'काय हा दिखाऊपणा' म्हणाल. पण खरं सांगा, गडचिरोली म्हटल्यापासून तुम्ही कोणाची वाट पाहत होतात? वाघाचीच ना? झिंगू मेला नाही म्हणून तुम्हाला बरं वाटलं, की थोडी निराशा झाली?

जाऊ द्या. मूळ संख्यांमध्ये असतं तरी काय, हे त्या पोरीने राजदीप सरांना सांगायला घेतलं, वामनरावांना सांगायला घेतलं, आणि त्या तिघांनाही सांगायला घेतलं. त्यांनी विचारलं नाही, कारण त्यांना वेळ नव्हता.

तुम्हाला तर होता.